घरगुती सुतारशाळेतील धूळसंकलन यंत्रणा आणि आगीचा प्रतिबंध : एक विवेचन

प्रस्तावना

लाकूड कापले, तासले किंवा घासले की भुसा निर्माण होणे अटळ असते. हातकरवत आणि हातरंधा यांच्या काळात हा भुसा जाडसर असे, तो कामाच्या जागेभोवतीच पडे आणि दिवसाअखेरीस केरसुणीने गोळा केला जाई. विजेवर चालणारी गोल करवत, राउटर आणि घासणीयंत्र यांनी कामाचा वेग वाढविला. त्याचबरोबर भुशाचे स्वरूपही बदलले. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्यातून आणि पॉलिशपेपरच्या पट्ट्यातून निघणारी भुकटी इतकी बारीक असते की, ती दीर्घकाळ हवेत तरंगत राहते व श्वासावाटे शरीरात जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत घराच्या गॅरेजमध्ये वा तळघरात छंद म्हणून सुतारकाम करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. या वर्गात धूळसंकलक हे यंत्र आज गोल करवतीइतकेच आवश्यक मानले जाते.

धूळसंकलकाची कल्पना साधी आहे. एक शक्तिशाली पंखा नळांच्या जाळ्यातून हवा ओढतो. हवेबरोबर भुसा येतो. भुसा पिशवीत किंवा पिंपात साठतो आणि हवा गाळणीतून बाहेर पडते. आरोग्याच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्विवादपणे हितकारक आहे. तथापि तिच्यात एक अंतर्विरोध दडलेला आहे. जमिनीवर विखुरलेला भुसा सहसा आग पसरवीत नाही, कारण तो विरळ असतो व डोळ्यांसमोर असतो. धूळसंकलक हेच इंधन अतिशय बारीक स्वरूपात एका बंद जागी एकत्र करतो, त्यातून हवेचा झोत सोडतो आणि कामाच्या जागी उडालेली प्रत्येक ठिणगी स्वतःहून त्या साठ्यापर्यंत वाहून नेतो. ज्या घरात माणसे झोपतात त्याच घराच्या एका भागात हे घडत असल्यामुळे कारखान्यातील आगीपेक्षा हा प्रश्न वेगळा ठरतो. कारखान्यात पहारेकरी असतो, आगीची सूचना देणारी यंत्रणा असते. घरात रात्री अकरा वाजता गॅरेजमध्ये कोणीही नसते. प्रस्तुत लेखात या धोक्याचे स्वरूप, त्याविषयीचे काही रूढ समज आणि प्रतिबंधाचे उपाय यांचे विवेचन करण्यात आले आहे.

भुशाचे ज्वलन : धुमसणे आणि भडकणे

लाकडाचा ओंडका पेटविण्यास प्रयास पडतात, ढलप्या सहज पेटतात आणि बारीक भुकटी हवेत उडाली असता क्षणार्धात भडकते. पदार्थ एकच असूनही वर्तनात हा फरक का पडतो, याचे उत्तर पृष्ठफळात आहे. एक सेंटीमीटर बाजू असलेल्या लाकडाच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटीमीटर भरते. त्याच घनाचे ०.१ मिलिमीटर बाजूचे कण केले तर दहा लाख कण होतात आणि त्यांचे एकत्रित पृष्ठफळ ६०० चौरस सेंटीमीटर होते. प्राणवायूशी संपर्क शंभर पटींनी वाढतो, आणि प्रत्येक कण इतका लहान असतो की त्याला तापण्यास वेळ लागत नाही.

मात्र भुसा ढिगाच्या रूपात असेल तर तो ज्वाळेने जळत नाही, तो धुमसतो. हे वर्तन महाराष्ट्रातील जुन्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागत नाही. लाकडाच्या वखारीतून पोत्याने भुसा आणून तो भुशाच्या शेगडीत ठासून भरण्याची पद्धत अनेक घरांत होती. मध्यभागी बाटली किंवा गोल दांडा उभा ठेवायचा, भोवती भुसा ठोकून बसवायचा, दांडा अलगद काढून घ्यायचा आणि खालच्या तोंडातून विस्तव लावायचा. अशी शेगडी एकदा पेटली की काही तास चाले. ठासलेला भुसा उष्णतेचा वाईट वाहक असल्याने आत निर्माण झालेली उष्णता आतच राहते, पोकळीतून मर्यादित हवा मिळत राहते आणि ज्वलनाची सीमा हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकते.

धूळसंकलकाच्या पिशवीत नेमकी हीच शेगडी नकळत तयार होते. हवेच्या दाबाने भुसा घट्ट बसलेला असतो आणि त्यात शिरलेली एखादी ठिणगी राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे टिकून राहते. धुमसण्याची सीमा तासाला काही सेंटीमीटर इतक्या मंद गतीने पुढे जाते, तरी तिच्या गाभ्याचे तापमान ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचू शकते. सुरुवातीला धूर अत्यल्प असतो. वरच्या थरातील भुसा तो शोषून घेतो. काम करणारा यंत्र बंद करून दिवे मालवून घरात जातो. चार-पाच तासांनी ही सीमा पिशवीच्या कापडापर्यंत येते, कापड जळून भोक पडते, ताजी हवा आत शिरते आणि धुमसणे ज्वाळेत रूपांतरित होते. सुतारशाळेतील आगी काम चालू असताना न लागता काम संपल्यावर लागतात, याचे कारण या कालांतरात आहे. प्रतिबंधाच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असूनही चर्चेत तो बहुधा मागे पडतो, कारण चर्चेचा रोख स्फोटाकडे असतो.

स्फोटाची शक्यता : एक हिशेब

धुळीच्या स्फोटाचा इतिहास जुना आहे. इटलीतील तुरिन येथे १७८५ साली पिठाच्या कोठारात झालेल्या स्फोटाचे वर्णन मोरोझ्झो यांनी लिहून ठेवले असून ते या विषयावरील आद्य लेखनांपैकी मानले जाते. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील वॉशबर्न ‘ए’ पिठाची गिरणी २ मे १८७८ रोजी उद्ध्वस्त झाली व १८ कामगार मृत्युमुखी पडले. लाकडाच्या धुळीची उदाहरणे अलीकडची आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ मध्ये जानेवारी महिन्यात बर्न्स लेक येथे आणि एप्रिल महिन्यात प्रिन्स जॉर्ज येथे अशा दोन लाकूड गिरण्या स्फोटांत नष्ट झाल्या. प्रत्येक ठिकाणी दोघांचा बळी गेला. त्या प्रदेशात भुंगेऱ्यांच्या प्रादुर्भावाने उभ्या-उभ्या वाळलेल्या पाइन वृक्षांचे लाकूड तेव्हा मोठ्या प्रमाणावर कापले जात होते आणि त्याचा भुसा नेहमीपेक्षा कोरडा व बारीक होता. इंग्लंडमधील चेशायर परगण्यात बॉस्ली येथे १७ जुलै २०१५ रोजी लाकडाचे पीठ तयार करणाऱ्या गिरणीत झालेल्या स्फोटात चार जण दगावले.

या घटनांच्या आधारे घरगुती धूळसंकलक म्हणजे जणू बॉम्बच, असे चित्र रंगविले जाते. ते कितपत यथार्थ आहे, हे साध्या हिशेबाने तपासता येते. आगीसाठी इंधन, प्राणवायू आणि प्रज्वलन हे तीन घटक लागतात. स्फोटासाठी आणखी दोन लागतात : धूळ हवेत ढगाच्या रूपाने पसरलेली असणे आणि तो ढग बंदिस्त जागेत असणे. त्यातही ढगाची घनता एका किमान मर्यादेच्या वर असावी लागते. बारीक लाकूडधुळीच्या बाबतीत ही मर्यादा घनमीटरमागे साधारणतः ४० ते ५० ग्रॅम आहे. हा ढग इतका दाट असतो की त्यातून काही हातांवरचा दिवाही नीट दिसणार नाही.

घरगुती वापराचा मध्यम आकाराचा संकलक मिनिटाला सुमारे २० घनमीटर हवा ओढतो असे धरले, तर नळातील हवेची घनता ५० ग्रॅमपर्यंत नेण्यासाठी मिनिटाला एक किलो बारीक भुकटी सतत निर्माण व्हावी लागेल. गोल करवत वा रंधायंत्र चालवून मिळणाऱ्या भुशात जाडसर कण आणि ढलप्याच अधिक असतात; घासणीयंत्राची भुकटी बारीक असली तरी ती मिनिटाला एक किलो या प्रमाणात निघत नाही. तेव्हा नियमित कामाच्या वेळी नळात स्फोटक मिश्रण तयार होण्याची शक्यता फारच कमी राहते.

परंतु हा हिशेब येथेच थांबविणे योग्य नाही. नळात महिनोन्‌महिने साचलेला भुसा एकदम सुटला, गाळणी झटकली गेली किंवा भरलेली पिशवी खाली पडून फुटली, तर काही क्षण ती मर्यादा सहज ओलांडली जाते. खोलीतील धुळीच्या थराचा हिशेब तर अधिकच चिंताजनक आहे. बारीक भुकटीचे वजन घनमीटरला २०० किलो धरले, तर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरमागे २०० ग्रॅम भुकटी होय. तीन मीटर उंचीच्या खोलीत ही सर्व भुकटी हवेत उडाली तर घनता घनमीटरमागे सुमारे ६७ ग्रॅम होते. म्हणजे एवढा पातळ थरसुद्धा संपूर्ण खोली स्फोटक करण्यास पुरेसा ठरतो. मोठ्या कारखान्यांतील विध्वंस बहुधा याच मार्गाने होतो. पहिला लहान भडका तुळया, दिव्यांची झाकणे व फळ्यांवरची वर्षानुवर्षांची धूळ उडवितो आणि दुसरा स्फोट इमारत पाडतो. घरातील फडताळांवरची आणि छताच्या आडव्या पट्ट्यांवरची धूळ नियमित पुसण्याला म्हणूनच केवळ टापटिपीचा विषय समजू नये.

स्थिर विद्युत : भय आणि वस्तुस्थिती

घरगुती सुतारशाळांत बहुधा प्लास्टिकचे, म्हणजे पीव्हीसीचे नळ वापरले जातात. ते स्वस्त असतात आणि सहज जोडता येतात. कोरडा भुसा वेगाने वाहताना या नळांवर स्थिर विद्युतभार साचतो, अंगाला झटके बसतात, हातावरचे केस उभे राहतात. त्यावरून या विद्युतभारानेच धूळ पेटेल, असा समज दृढ झाला असून नळाभोवती तांब्याची तार गुंडाळून ती भूसंपर्कित करण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो.

येथे ऊर्जेचे प्रमाण पाहिले पाहिजे. प्लास्टिक हे विद्युतरोधक असल्याने त्याच्या पृष्ठभागावरचा सर्व भार एकाच ठिणगीतून वाहून जाऊ शकत नाही. जवळ आणलेल्या बोटाकडे फक्त आसपासचा भार झेपावतो. अशा विसर्जनाची ऊर्जा चार मिलिज्यूलच्या आसपासच मर्यादित राहते. लाकूडधुळीचा ढग पेटविण्यास लागणारी किमान ऊर्जा मात्र बहुधा काही दशक मिलिज्यूल असते. अतिबारीक व अगदी कोरड्या भुकटीसाठी ती दहा-वीसपर्यंत खाली येते. म्हणजे नळावरच्या ठिणगीला संधी मिळण्यासाठीही प्रथम दाट ढग हवा, आणि ढग असला तरी ठिणगी अपुरी पडण्याची शक्यताच अधिक. विद्युतरोधक नळावर बाहेरून तार गुंडाळल्याने झटके काहीसे कमी होतात, हे खरे. पण आतल्या पृष्ठभागावरचा भार त्या तारेपर्यंत येऊ शकत नाही. तारेला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र ती लावली की आगीचा प्रश्न सुटला, ही भावना धोक्याची आहे.

खरी काळजी घ्यावी लागते ती भूसंपर्क नसलेल्या धातूच्या वस्तूंची. प्लास्टिकच्या नळांच्या मध्ये बसविलेली धातूची झडप आणि रबरी चाकांवर उभे असलेले पत्र्याचे पिंप ही त्याची उदाहरणे होत. विद्युतवाहकावरचा संपूर्ण भार एकाच ठिणगीतून बाहेर पडतो. पिंपाची धारिता शंभर पिकोफॅरड आणि त्यावरील विभव वीस हजार व्होल्ट धरले तर ठिणगीची ऊर्जा २० मिलिज्यूल होते, आणि हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून पिंप, झडपा, पंख्याचे कवच आणि लवचीक नळीतील तारेचे वेटोळे हे भाग एकमेकांशी जोडून यंत्राच्या भूसंपर्काशी जोडणे इष्ट ठरते. हे काम अर्ध्या तासाचे आहे. स्थिर विद्युतभाराचा उपद्रव कोरड्या हवेतच प्रामुख्याने जाणवतो. उत्तर अमेरिकेतील हिवाळ्यात घरे तापविल्यामुळे आतली हवा अतिशय शुष्क होते; आपल्याकडे विदर्भाचा उन्हाळा त्या जातीचा असतो, कोकणातला पावसाळा नव्हे.

ठिणगीचे खरे उगम

स्थिर विद्युतेच्या तुलनेत पुढील कारणे अधिक नित्याची आणि अधिक घातक आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक काम करणाऱ्याच्या नियंत्रणातली आहेत.

पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे लाकूड व धातू यांसाठी एकच संकलक वापरणे. पटाशीला धार लावण्यासाठी किंवा लोखंडी पट्टी घासण्यासाठी ग्राइंडर चालविला जातो आणि कचरा उडू नये म्हणून त्याला धूळसंकलकाची नळी जोडली जाते. ग्राइंडरमधून उडणारा प्रत्येक तेजस्वी कण म्हणजे जळते पोलाद असते. एरवी हा कण हवेत दोन-तीन हातांवर विझतो. परंतु नळातील झोत त्याला प्राणवायू पुरवीत सरळ भुशाच्या साठ्यात नेऊन सोडतो. पॉलिशपेपरच्या पट्ट्यावर आधी लाकूड व नंतर एखादा लोखंडी स्क्रू घासला गेला तरी तेच घडते. ॲल्युमिनिअमची भुकटी तर स्वतःच तीव्र स्फोटक आहे. ती लोखंडाच्या गंजाबरोबर किंवा लाकडाच्या भुकटीबरोबर कधीही एकत्र साठू देऊ नये. धातूकामासाठी नळी काढून टाकणे आणि तो कचरा स्वतंत्रपणे झाडून घेणे, एवढाच याचा उपाय आहे.

दुसरे कारण जुन्या लाकडाशी संबंधित आहे. पाडलेल्या वाड्याचा सागवान, जुनी दारे-चौकटी, मालवाहू फळकुटे यांना बाजारात मागणी असते व ती रास्तही आहे. पण अशा लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात. पात्याने खिळा कापला की तापलेला तुकडा नळात जातो. एकटप्पी संकलकात सर्व भुसा पंख्यातूनच जात असल्याने तो तुकडा पंख्याच्या पोलादी पात्यांवर आपटतो आणि तेथे आणखी ठिणगी पडू शकते. लाकूड यंत्रावर घेण्यापूर्वी चुंबक किंवा धातुशोधक फिरविणे हा काही मिनिटांचा उपाय असून त्याने पात्याचे आयुष्यही वाढते. संकलकाच्या तोंडापाशी जाडसर वस्तू अडविणारा सापळा बसविणे हा त्याला पूरक उपाय होय.

तिसरे कारण म्हणजे बोथट पाते. कापताना लाकूड काळे पडू लागले, करपल्याचा वास आला, की कापण्याऐवजी घर्षण होत आहे असे समजावे. लाकूडधुळीचा ढग पेटण्यास ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान लागत असले, तरी तापलेल्या पृष्ठभागावर साचलेला थर ३०० अंशांच्या आसपासही धुमसू लागतो. राउटरचे पाते एकाच जागी रेंगाळल्यास निघणारे करपलेले कण पिशवीत निखाऱ्यासारखे टिकू शकतात. धार लावण्याचा कंटाळा हे आगीचे कारण असू शकते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

चौथ्या कारणाला ठिणगीची गरजच नसते. अळशीचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून वाळते आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. उघड्या पृष्ठभागावर ती उष्णता निघून जाते. चुरगाळलेल्या फडक्याच्या घड्यांत ती साठते व काही तासांनी फडके आपोआप पेट घेते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या बहुमजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी लागलेल्या आगीचा उगम अळशीच्या तेलाने भिजलेल्या फडक्यांत होता. त्या आगीत तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. तेल किंवा तत्सम लेप पुरता वाळलेला नसताना तो घासून काढला, तर निघणाऱ्या भुकटीतही हाच गुण असतो. लाकडी तक्तपोशी घासणाऱ्या यंत्राची पिशवी काम संपताच रिकामी करावी, अशी सूचना म्हणूनच दिली जाते. अशी भुकटी संकलकात रात्रभर राहू देऊ नये आणि तेलकट फडकी संकलकाजवळच्या कोपऱ्यात फेकू नयेत. ती उघड्यावर एकेरी पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात टाकावीत.

यंत्रणेची रचना

नळाचा व्यास निवडताना ‘मोठा तो चांगला’ हा विचार चुकीचा ठरतो. लाकडाचा भुसा नळात तरंगत राहावा यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असावा लागतो. मिनिटाला २० घनमीटर हवा १५ सेंटीमीटर व्यासाच्या नळातून गेल्यास वेग सुमारे १९ मीटर मिळतो. तीच हवा २० सेंटीमीटरच्या नळातून नेल्यास तो ११ मीटरच्या खाली येतो आणि आडव्या नळाच्या तळाशी भुसा साचू लागतो. साचलेला भुसा हे इंधनही असते आणि एकदम सुटल्यास ढगाचे कारणही. नळावर वळणाच्या जागी सहज उघडता येणारी झाकणे ठेवल्यास वर्षातून एक-दोनदा आत पाहता येते. एका वेळी जितक्या झडपा उघडायच्या, तितक्याच उघडल्या पाहिजेत, हेही त्याच तत्त्वाला धरून आहे.

दोनटप्पी, म्हणजे चक्रावर्ती विभाजक असलेली रचना अधिक सुरक्षित मानावी लागते. तिच्यात हवा शंकूच्या आकाराच्या पिंपात गरगर फिरते, जड कण व धातूचे तुकडे खाली पिंपात पडतात आणि पंख्यापर्यंत केवळ बारीक धूळ पोहोचते. पंख्यावर आदळणाऱ्या खिळ्याचा प्रश्न त्यामुळे बव्हंशी मिटतो. साठ्याचे पिंप पत्र्याचे व घट्ट झाकणाचे असेल, तर धुमसणारा भुसा काही काळ तरी आतच राहतो. कापडी अथवा प्लास्टिकच्या पिशवीकडून ती अपेक्षा करता येत नाही. मोटार पूर्णतः बंद कवचाची व बाहेरून पंख्याने थंड होणारी असावी, आणि तिच्यावर भुशाचे पांघरूण साचू देऊ नये.

विजेच्या जोडणीकडे भारतीय संदर्भात विशेष लक्ष देणे भाग आहे. दोन अश्वशक्तीची एकेरी फेजची मोटार पूर्ण भारावर १० ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह घेते आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. सहा ॲम्पिअरच्या प्लगमधून, बारीक तारेच्या एक्स्टेंशन बोर्डावर संकलक आणि गोल करवत दोन्ही चालविल्यास पहिली आग भुशात न लागता बोर्डातच लागण्याचा संभव असतो. स्वतंत्र सोळा ॲम्पिअरची जोडणी, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि गळती-संरक्षक स्विच ही किमान व्यवस्था होय.

महाराष्ट्रातील शहरांत छंद म्हणून सुतारशाळा थाटणारे थोडे असले, तरी सदनिकेतच तात्पुरती सुतारशाळा उभी राहण्याचा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. फर्निचरचे काम चालू असते, मिस्त्री प्लायवूड व एमडीएफ घरातच कापतात, व्हॅक्यूमने ओढलेला भुसा गोणीत भरला जातो आणि गोणी जिन्याखाली किंवा गच्चीच्या दाराशी ठेवली जाते. त्याच खोलीत वेल्डिंगचा माणूस खिडकीची जाळी जोडत असतो. जिना हा आगीच्या वेळी सुटकेचा एकमेव मार्ग असतो, याचा विचार करता ही गोणी रात्री तेथे असणे किती अनुचित आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

नियमांची मर्यादा

अमेरिकेतील एनएफपीए या संस्थेचे ६६४ क्रमांकाचे मानक लाकूडकामाच्या ठिकाणी आग व स्फोट टाळण्यासंबंधीचे होते. २०२५ च्या आवृत्तीपासून ते ज्वलनशील धुळीविषयीच्या एनएफपीए ६६० या एकत्रित मानकात समाविष्ट झाले. ६६४ ची व्याप्ती सुमारे ४६५ चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेस किंवा ताशी सुमारे २,५५० घनमीटरपेक्षा अधिक हवा ओढणाऱ्या यंत्रणेस लागू होती. घरगुती संकलक सहसा या मर्यादेच्या आत येतो. भारतातही १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये स्फोटक धुळीविषयी तरतूद होती, परंतु ती कारखान्यापुरती होती. लहान सुतारशाळेला वगळण्यामागे तेथे धूळ कमी असते हे गृहीतक आहे. ते स्फोटाच्या बाबतीत बऱ्याच अंशी बरोबर असले, तरी धुमसत्या पिशवीच्या बाबतीत आगीचा धोका आकाराबरोबर कमी होत नाही. आणि वरच्या मजल्यावर कोणी झोपलेले असल्यास त्याचा परिणाम अधिकच गंभीर होतो.

काम संपल्यानंतर आणि आग लागल्यास

धुमसण्याचा कालावधी लक्षात घेता काम संपवून लगेच दार ओढून घेणे टाळावे. कापणी-घासणीचे काम अर्धा-पाऊण तास आधी थांबवावे आणि उरलेला वेळ जोडणी, मोजमाप वा झाडलोट यांसाठी ठेवावा. जाण्यापूर्वी पिंपाला बाहेरून हात लावून पाहावा व नाकाने वास घ्यावा. खिळा कापला गेला असेल किंवा लाकूड करपले असेल, तर त्या दिवशीचा साठा घराबाहेर नेऊन झाकणाच्या धातूच्या पिंपात, भिंतीपासून दूर ठेवावा. दररोज रिकामे करणे शक्य नसल्यास निदान पिशवी अर्ध्याहून अधिक भरू देऊ नये. गाळणी झटकताना खोलीत हीटर, गॅसची शेगडी किंवा पेटती उदबत्ती नसावी. सुतारशाळेत धूरशोधक बसविल्यास तो भुशाने वारंवार खोटी सूचना देतो आणि शेवटी कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतो. म्हणून कामाच्या खोलीत उष्णताशोधक व लगतच्या घरातील मार्गिकेत धूरशोधक ही विभागणी व्यवहार्य ठरते.

नळातून वा पिशवीतून धूर येताना दिसला तर पहिली कृती म्हणजे पंखा बंद करणे. चालू पंखा भात्याप्रमाणे निखारा फुलवितो. त्यानंतर सर्व झडपा बंद कराव्यात. काय झाले ते पाहण्यासाठी पिशवी किंवा पिंप झटकन उघडण्याचा मोह अनेकांना होतो आणि तोच सर्वांत धोकादायक असतो, कारण ताजी हवा आत शिरून धुमसते भुसकट भडकते आणि उडालेली भुकटी चेहऱ्यावर येते. कोरड्या पावडरीचे अग्निशामक ज्वाळा विझविते, पण ढिगाच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. कार्बन डायऑक्साइडने आग विझल्यासारखी दिसते आणि वायू विरताच पुन्हा सुरू होते. भुशाच्या खोल आगीला पाणीच लागते. मात्र पाण्याचा जोरदार फवारा थेट भुशावर मारल्यास भुकटी उधळून ढग तयार होतो. म्हणून वीजप्रवाह मुख्य स्विचपासून तोडून बारीक तुषारांनी, कडेने आत, साठा हळूहळू भिजवावा लागतो. ज्वाळा दिसत असल्यास किंवा धूर खोलीत पसरला असल्यास यापैकी काहीही न करता घरातील सर्वांना बाहेर काढून, दार ओढून घेऊन १०१ या क्रमांकावर अग्निशमन दलाला कळविणे हाच मार्ग उरतो, आणि पिंपात लाकडाचा भुसा आहे, सोबत धातूची भुकटी आहे किंवा नाही, हे त्यांना आधीच सांगावे, कारण जळत्या ॲल्युमिनिअमवर पाणी मारणे अनर्थकारक ठरते.

विझलेला भुसा विझला असे लगेच मानता येत नाही. तो बाहेर उघड्यावर पातळ पसरून, उलथापालथ करून पुन्हा भिजवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तपासावा. त्याचप्रमाणे संकलक पुन्हा सुरू करण्यापूर्वी नळाची प्रत्येक वळणे उघडून आत धुमसते कण राहिले नाहीत, याची खात्री करावी आणि गाळणी बदलावी.